सहावी पायरी

रखमाजी मास्तरांनी चहाच्या कपात अंगठा बुडवला आणि तो चोखत बसले, त्या दिवशी मंडळानं नारळ फोडला.

गुरुवार होता. पडवीत मंडळाची वीस-बावीस माणसं मांडी घालून बसली होती. बाळाबाईनं नेहमीसारखा पहिला कप नवऱ्यापुढं ठेवला. मास्तर कपाकडं बघत राहिले. कान धरून कप उचलायचा असतो हे जणू त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मग अंगठा आत गेला. चहा नुकताच चुलीवरून उतरवलेला. सालटं निघालं असणार, पण तोंडावरची रेघ हलली नाही.

"बघा! बघा रं!" सावळाराम उठून उभाच राहिला. "चटका जानवला न्हाई! मन सुटलं. मास्तर सहाव्या पायरीवर गेलं."

"आवो, भाजलं की त्येंला," बाळाबाई दारातून म्हणाली.

कोण ऐकतो? एकजण नारळ आणायला पळाला होता, दोघं पायावर डोकं ठेवायच्या घाईत एकमेकांवर आपटले होते. बाळाबाई गार पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली तर सावळारामानं तिला हातानं थांबवलं. बायकोनं आता शिवायचं नाही म्हणाला. त्रेचाळीस वर्षं ज्याचे सदरे धुतले त्याला शिवायचं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. भोर डेपोचे कंडक्टर. एसटीच्या कंडक्टरला आपल्याकडं मास्तरच म्हणतात. एकतीस वर्षं नोकरी केली. एकदा आंबवड्याच्या शेवटच्या फेरीला सीटखाली एक पुस्तक सापडलं. पुढची पानं फाटलेली, लिहिणाऱ्याचं नाव नाही, मराठी असं की वाचताना दाताखाली खडा यावा. डेपोत जमा केलं. तीन महिने कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा घरी आणलं. त्यात माणसाच्या सात पायऱ्या सांगितल्या होत्या. खाली देह, त्याच्यावर देहाची छाया, श्वास, वासना, मन, आणि मनाच्या वर सहावी बुद्धी. सातवा आत्मा, त्याच्याबद्दल बोलायचंच नाही. सातवीपर्यंत शाळा शिकलेल्या माणसानं ते पुस्तक दहा वर्षं वाचलं. निवृत्त झाल्यावर मार्गासनीच्या पुढं वेल्ह्याच्या बाजूला गावी येऊन राहिला आणि दर गुरुवारी पडवीत सांगायला लागला.

सांगायचा मात्र छान. ते नाकारून चालणार नाही.

"बुद्धी म्हंजी अक्कल न्हवं," मास्तर सांगायचे. "सुट्टं मोजायची ती अक्कल. ती मनाच्या घरची. आता बगा, थांब्यावर मानूस गाडीत चढतो. त्येचं त्वांड दिसतं. ह्यो फुकट्या हाय का घरात कुनी मेलंय म्हनून खिसा इसरलाय, ते तुमाला न मोजता कळतं. कसं कळलं ते सांगता येत न्हाई. पन कळलेलं असतं, आन ते खरं असतं. ती बुद्धी. ती बोलत न्हाई. नुसती बगती."

माणसं माना डोलवायची. मग मास्तर दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडं बघून हसत म्हणायचे, "आमच्या हिला मन हाय. लई मन हाय. पर वरचा मजला न्हाई." सगळे हसायचे. तीही हसायची. चहा सांडू नये म्हणून जपून हसायची.

सावळाराम हा पट्टशिष्य. वेल्ह्याला कारकुनी करून निवृत्त झालेला. हाताला कागदाची सवय, म्हणून मंडळाची वही त्याच्याकडं. त्या वहीत चार वर्षांपूर्वी मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: मी सहाव्या पायरीवर गेलो की मला हलवू नये. दवाखान्यात नेऊ नये. अंगाला सुई लावू नये. खाली तारीख, सही, सात साक्षीदार. का लिहिलं? त्यांचा थोरला भाऊ दवाखान्यात नाकातोंडात नळ्या घालून, हात कॉटला बांधलेले असा गेला होता. ते बघून आल्यावर लिहिलं. भीती होती. आणि थोडी मिजासही होती, ती का लपवायची? आपण सहावी गाठणार याची त्यांना खात्री होती.

नारळाचा प्रसाद वाटून माणसं गेली, तेव्हा बाळाबाईनं नवऱ्याचा अंगठा पाण्यात धरला. फोड आला होता. मास्तर तिच्याकडं बघत होते, पण नजर तिच्या कानामागं कुठंतरी ठरत होती. मान डाव्या अंगाला कललेली.

तिला ती मान माहीत होती.

लग्न होऊन आल्यापासून तिनं शेरडं पाळली. एखादी शेळी अशीच मान एका अंगाला टाकते, चारा तोंडात धरून चावायची विसरते, मग एका जागी गोल गोल फिरायला लागते. तिच्या डोक्यात काहीतरी झालेलं असतं. कापली तर मेंदूत पाण्याची पिशवी सापडते. हे बाळाबाईनं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तिला तेवीस दिवसांपूर्वीची सकाळही आठवत होती. मार्गासनीच्या गिरणीवर भात न्यायचं होतं. लेकाच्या, धनाजीच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याची कडी मोडलेली, तिला त्यानं सुतळी बांधलेली. मास्तर मागं वाकून चाकाखालचा दगड काढत होते. सुतळी तुटली आणि फाळका त्यांच्या टाळूवर बसला. टेंगूळ आलं. हळद लावली. "काय न्हाई रं," म्हणाले, आणि गिरणीवर गेलेसुद्धा. पंधराएक दिवसांनी डोकं जड वाटतं म्हणायला लागले. बाम मागायचे. मग बाम मागायचेही विसरले.

दुसऱ्या दिवशी ती सावळारामाच्या दारात गेली.

"भावजी, ही डोक्याची बेमारी हाय. माज्या शेरडास्नी असंच व्हतं."

"काय?" सावळारामाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"मान बगा त्येंची. शेळी अशीच..."

"वैनी!" तो ओरडला. "मास्तरास्नी शेळी म्हनता? जिथं जायला ऋषीमुनींचा जल्म जातो तिथं तुमचा नवरा बसलाय आन तुमी शेरडं हाकताय? ह्ये तुमचं मन बोलतंय. संसार सुटल ह्येचं भ्या वाटतंय तुमास्नी."

आता याला काय बोलायचं? माणूस शहाण्या शब्दांनी बोलायला लागला की साध्या माणसाची वाचा बसते. ते शब्द तिच्याच पडवीत, तिच्याच चहावर वाढलेले होते. ती परत आली.

घरी धनाजी फाळक्याला नवी कडी बसवत होता. वेल्ह्याहून आणलेली, चकचकीत.

"धना, आबास्नी पुन्याला ने. फोटू काढाय लागंल डोक्याचा."

त्यानं मान वर केली नाही. "कशापाई?"

"फाळका बसला न्हवं त्या दिशी."

हातोडा थांबला. "आये, त्याला म्हयना झाला. टेंगूळ तवाच बसलं. आबा वर गेल्यात. सगळं गाव सांगतंय. तूच तेवढी..."

"तू मुद्दाम सोडला व्हतास का रं फाळका? न्हाई न्हवं?"

"त्यो विषय पुन्ना काढायचा न्हाई!" असा ओरडला की शेरडं बिचकली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आये, पाया पडतो. त्यो विषय काढू नगं."

तेव्हा तिला कळलं. सावळारामाचं वेड वहीत होतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. धनाजीला सहावी पायरी खरी असायलाच हवी होती. ती खरी नसेल तर बापाच्या टाळूवर त्याची सुतळी होती. चाळीस वर्षांचा घोडा, पण आईला त्याच्या तोंडावर सहा वर्षांचं पोर दिसलं, आणि ती गप्प बसली. तिथं बसायला नको होतं. पण बसली.

एक दिवस असा गेला.

शनिवारी आरोग्य खात्याची आशाताई संजीवनी आली. बौद्धवाडीतली. घरोघर बीपीच्या गोळ्या द्यायला यायची. बाळाबाईनं तिला हाताला धरून पडवीत आणलं. मंडळातले पाच-सहाजण पाळीनं बसलेलेच होते.

"मास्तर, दोन्ही हात असं म्होरं धरा," संजीवनी म्हणाली. तिनंच धरून दाखवले. मास्तरांनी धरले. उजवा राहिला. डावा हळूहळू खाली आला, जसा दिवस मावळतो तसा, आणि मांडीवर पडला. मास्तरांना त्याचा पत्ताच नाही.

"आजी, डोक्यात रक्त साकळलं असंल. आजच्या आज न्यायला पायजे. म्हाताऱ्या मानसाला मार लागला तर असं हळूहळू साकळतं. आमाला टरेनिंगमधी दाखवलंय. काढता येतं त्ये."

"आता बौद्धवाडीची पोर आमाला बुद्धी शिकवनार," सावळाराम म्हणाला.

"शिकवत न्हाई काका. हात बगा म्हनतीय."

हाच सावळाराम पोलिओच्या रविवारी नातवाला उचलून तिच्यापुढं न्यायचा आणि त्याचं तोंड स्वतः उघडून धरायचा. तेव्हा तिची वाडी आठवत नव्हती. संजीवनीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. फोन काढला आणि अँब्युलन्स बोलावली.

गाडी तासाभरानं आली. तिच्यातला डॉक्टर तरणा, दाढीसुद्धा नीट न आलेला. त्यानं बॅटरीनं डोळे बघितले आणि न्यायलाच लागेल म्हणाला. तोवर मंडळातली वीसेक माणसं जमली होती, ती पडवीच्या कडेला हातात हात घालून उभी राहिली. मारामारी नाही, शिवी नाही. नुसती उभी. सावळारामानं वही उघडून डॉक्टरच्या नाकापुढं धरली.

"हे चालत नाही," डॉक्टर म्हणाला. "घरचं कोण आहे? सही कोण करणार?"

"म्या देते अंगठा," बाळाबाई म्हणाली. पुढं झालीसुद्धा.

"आये, आत जा." धनाजी.

"तुम्ही मुलगा? तुमचं काय म्हणणं आहे?"

"न्यायचं न्हाई."

डॉक्टर दोघांकडं बघत राहिला. मग त्याला वाटलं, माणसालाच विचारावं. खाली बसून मोठ्यानं म्हणाला, "काका, दवाखान्यात यायचं का?"

गुरुवारपासून न बोललेले मास्तर बोलले. आवाज जाड, जीभ जड. "पुडं सरका," म्हणाले. "पुडं सरका. मागं जागा करा."

एकतीस वर्षं गर्दीच्या गाडीत घसा फोडून जे म्हटलं, तेच डोक्याच्या तळाला उरलं होतं. बाळाबाईनं ते लगेच ओळखलं. पण पडवीत एकजण ढसाढसा रडायला लागला. "पुडच्या पायरीवर सरका म्हनत्यात! आपल्याला सांगत्यात!" मग सगळेच गुडघ्यावर आले. सावळारामानं वहीत ते वाक्य तारीख-वेळ घालून लिहून घेतलं.

डॉक्टरला दुसरा फोन आला. वरच्या वाडीत बाळंतीण अडली होती. "एकमत करा आणि परत फोन करा," असं सांगून तो गेला. त्याला काय म्हणायचं? ओढून नेणार होता का वीस माणसांच्या हातातून?

संजीवनी जाताना म्हणाली, "आजी, दिस मोजू नगा. तास मोजा."

बाळाबाईनं दोन दिवस कुणाकुणाचे पाय धरले ते सांगत बसत नाही. सरपंच म्हणाला, धार्मिक मामला हाय. पोलीस पाटील म्हणाला, मुलगा असताना मी कोण? तिच्या भावानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि मास्तरांचा एक फोटो पाठवायला सांगितलं, देव्हाऱ्यात ठेवायला.

मंगळवारी सकाळी मंडळाची रात्रीची पाळी उठून गेल्यावर, दुसरी यायच्या आत तिनं मास्तरांना सदरा घातला, पायात वहाणा अडकवल्या आणि हाताला धरून एसटीच्या थांब्यावर नेलं. डावा पाय फरपटत होता. शंभर पावलांना पाऊण तास लागला. बरोबर कुणी नाही. कमरेच्या पिशवीत दोन भाकरी आणि संजीवनीनं लिहून दिलेली चिठ्ठी.

सातची पुण्याची गाडी आली. दार उघडलं. मास्तर चढले. स्वतः चढले! बाळाबाईच्या जीवात जीव आला. पण ते आत जाईनात. दाराच्या दांडीला धरून उभे राहिले, जिथं कंडक्टर उभा राहतो तिथंच. खाली एक बाई गाठोडं घेऊन आली तर तिला चढू देण्यासाठी मास्तर खाली उतरले. बाळाबाईनं परत चढवलं. आणखी दोघं आले, मास्तर परत उतरले. सगळे चढल्याशिवाय कंडक्टर चढत नाही.

"आत बसा हो, मास्तर," गाडीचा कंडक्टर म्हणाला. त्यानंही नाव ऐकलं होतं, त्यानंही वाकून पाय शिवले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आतली माणसं खिडकीतून मोबाईल धरून बसली होती.

"ढकला वो त्येंला आत! कुनीतरी ढकला!" बाळाबाई ओरडत होती. सिद्ध पुरुषाला ढकलायचं पाप कोण घेईल?

तेवढ्यात सावळाराम मोटरसायकलवरून आला. "वैनी, चोरून नेताय?" म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. हेच तर वाईट. लुच्चा असता तर बरं झालं असतं. त्यानं मास्तरांचा एक हात धरला, बाळाबाईनं दुसरा. तो खाली ओढत होता, ती वर. मधे मास्तर. डावा खांदा ताणला गेला आणि त्यांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला, दुखल्यावर निघतो तसा.

बाळाबाईनं हात सोडला. तिनंच आधी सोडला.

गाडी गेली.

गुरुवारी पहाटे मास्तरांना उलटी झाली आणि ते घोरायला लागले. हाक मारली तर ओ नाही. धनाजीनं पापणी वर केली. एक बुबुळ बारीक, दुसरं काळंभोर पसरलेलं. तो बराच वेळ त्या डोळ्याकडं बघत राहिला. मग बापाला खांद्यावर घेतलं आणि टेम्पोत गोधडीवर निजवलं. सावळाराम वही घेऊन आडवा आला, त्याला एका हातानं बाजूला केलं. बाळाबाई मागं बसली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत ती रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते हातानं झेलत गेली.

मोठ्या दवाखान्यात लगेच आत घेतलं. फोटो काढला, डोकं उघडलं. दुपारी एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, डोळे लाल. झोप नसावी.

"रक्त काढलंय, पण मेंदू फार दिवस दाबला गेला होता. शुद्ध यायची आशा मी तुम्हाला देणार नाही," त्या म्हणाल्या. "मार लागून महिना झाला म्हणता. लक्षणं केव्हापासून?"

"आठ-धा दिस," धनाजी म्हणाला.

"दहा दिवस! अहो, सुरुवातीला आणलं असतं तर दोन भोकं पाडून रक्त काढलं असतं. आठवड्यात चालत घरी गेला असता माणूस. इतके दिवस घरात का ठेवलं?"

धनाजीनं भिंतीकडं बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडं. गावात बोलतो तशी नव्हे, कचेरीत बोलतात तशी भाषा त्याच्या तोंडातून आली. "मॅडम, मी गाडीवर बाहेरच असतो. घरात आई एकटी. म्हातारी माणूस, अडाणी आहे. तिच्या लक्षात नाही आलं."

बाळाबाईनं मान वर करून लेकाकडं बघितलं.

तो तिच्याकडं बघत नव्हता. त्याला आता सहावी पायरी उरली नव्हती, सावळारामाची वही उरली नव्हती. सुतळी तेवढी उरली होती, आणि हे एक वाक्य. हेही काढून घेतलं तर तो टेम्पो घेऊन घाटात कुठं जाईल ते तिला न मोजता दिसलं.

"काय आजी?" डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, म्हणून आवाज चढला. "माणूस बोलायचा बंद होतो, एक हात पडतो, आणि तुम्हाला कळत नाही? रोज जेवायला कोण वाढत होतं?"

"म्याच," बाळाबाई म्हणाली.

"मग?"

बाकड्यावरची दोन-चार माणसं ऐकत होती. एका बाईनं चुकचुक केलं.

"न्हाई कळलं, बाई," ती म्हणाली. "माजंच चुकलं."

डॉक्टरीणबाईंनी उशिराचं कारण म्हणून कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि अंगठ्याला शाई पुढं केली. काय लिहिलंय ते बाळाबाईनं विचारलं नाही. धनाजीनं वाचलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. बोट कुठं टेकायचं तेवढं दाखवलं. तिनं टेकलं.

मग पुसायला काही नव्हतं, म्हणून अंगठा तसाच धरून ती काचेच्या दारापाशी उभी राहिली. आत सोडत नव्हते.